नावे ठेवलेले मासे

आमच्या घरी एक नियम आहे. दारात आलेल्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा द्यावा, मांजरीला वाटीत दूध द्यावे, पंख मोडून पडलेल्या साळुंकीला हळदही लावावी; पण नाव ठेवू नये. "नाव ठेवलं का ते राह्यते," असे हिचे म्हणणे. या सिद्धांताचा पुरावा म्हणून वाघ्या नावाचा कुत्रा आमच्या ओसरीवर तेरा वर्षे राहिला. नाव मी ठेवले होते. तेव्हापासून मी घरात फक्त दुसऱ्या अर्थाने नावे ठेवतो, तीही भाजीला, आणि तीही मनातल्या मनात.

निवृत्त झालेल्या माणसाला काहीतरी धरावे लागते. कोणी टाळ धरतो, कोणी सोसायटीची निवडणूक धरतो, बहुतेक जण कंबर धरून बसतात. मी गरी धरली. गरी म्हणजे पुण्यामुंबईकडे ज्याला गळ म्हणतात ती. चौतीस वर्षे पोरांना विज्ञान शिकवताना मी जेवढे बोललो, त्याच्या भरपाईला एवढे मौन पुरेसे होईल असा हिशेब होता. साकोलीच्या बाजूला एक तलाव आहे, तिथे मी बसतो. तलावाचे नाव सांगणार नाही. गरी टाकणारा माणूस बायकोला पगार सांगतो, जागा सांगत नाही.

हा तलाव ‘मामा’ आहे. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागते. गोंड राजांच्या काळापासून कोहळी मंडळींनी आमच्या भागात तलाव बांधले. धानाला पाणी हवे, पाऊस लहरी, म्हणून दोन टेकड्यांच्या मध्ये मातीची पाळ घालायची आणि पाणी अडवायचे. नकाशा नाही, दुर्बीण नाही. उतार डोळ्यांनी जोखायचा. पुढे या तलावांची व्यवस्था गावाच्या मालगुजाराकडे आली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदावर ‘माजी मालगुजारी तलाव’ असे नाव लागले. एवढे लांब नाव कोणता कारकून रोज लिहील? त्याने ‘मा. मा. तलाव’ लिहिले. लोकांनी टिंबे गिळली. पूर्व विदर्भात असे सहा हजारांवर मामा आहेत, आणि मामाकडे भाचे ज्या हक्काने जातात त्याच हक्काने सगळे तिथे जातात. कोणी पाणी नेते, कोणी गाळ नेतो, कोणी हळूच थोडी जमीनही नेतो.

पाळीवर मला भेटले तेही मामाच. ते ढिवर. सत्तरीच्या पुढचे, अंगाने वाळलेल्या शिंगीसारखे. तलावातली मासेमारी त्यांच्या संस्थेकडे आहे, म्हणून मी पहिल्याच दिवशी रीतसर विचारायला गेलो. त्यांनी माझ्या गरीकडे पाहिले, डब्यातल्या गांडुळांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि परवानगी देऊन टाकली. तलावाला माझ्यापासून काही धोका नाही हे त्यांच्या लगेच ध्यानात आले असावे.

पहिल्या पावसाळ्यानंतर माझ्या गरीला जे लागले त्यातले निम्मे एकाच जातीचे. हाताच्या पंजाएवढे, पाठीवर काट्यांचा कंगवा, चेहऱ्यावर कायमचा तक्रारीचा भाव. मी विज्ञानाचा शिक्षक, पोरांनी मला हजार वेळा "हे काय होय जी?" विचारले आणि मी हजार वेळा सांगितले. आता मीच मामांना विचारले.

"चिलापी," मामा म्हणाले. "लेकुरवाडी हाय. तोंडात पोरं घेऊन फिरते."

हे अक्षरशः खरे आहे. चिलापीची, म्हणजे तिलापियाची, मादी अंडी तोंडात धरते, पिल्ले निघाली की धोका दिसताच त्यांना पुन्हा तोंडात घेते, आणि त्या दिवसांत जवळजवळ उपाशी राहते. आईपणाचा असा दाखला देणारा मासा मूळचा आफ्रिकेतला. भारतात तो १९५२ साली बँकॉकहून आणला गेला, गरिबाला स्वस्त प्रथिने मिळावीत म्हणून. हेतू इतका चांगला होता की काही वर्षांतच त्याच्या प्रसारावर बंदी घालायची वेळ आली. बंदीचा कागद चिलापीला वाचता आला नाही. तोंडात पोरे असताना कोण वाचत बसते? आज उजनीच्या पाण्यावर भिगवणचा बाजार चिलापीने भरतो, आणि इकडे झाडीपट्टीतल्या तलावात ती माझी गांडुळे खाते.

मला आवडली ती गोष्ट वेगळी. ‘तिलापिया’ हे नाव लोकांनी दोन दिवससुद्धा जिभेवर सहन केले नाही. त्याची चिलापी केली, तिला स्त्रीलिंग दिले, लेकुरवाडी केली आणि गावात घेतली. नाव ठेवलं का ते राह्यते.

दुसऱ्या वर्षी गरी अशी ओढली गेली की मी काही इंच पुढे सरकलो. माझ्या वयात हा पराक्रम मानावा. वर आला तो गोल, जाड, पोटाखाली लाल झाक असलेला मासा. मी गरी काढायला त्याचे तोंड उघडले आणि दचकून हात मागे घेतला. आत दात होते. माशाचे नव्हेत, माणसाचे. चौकोनी, ओळीत लावलेले, एखाद्या शेजाऱ्याने हसावे तसे. माझी वरची कवळी तीन वर्षांपूर्वी बसली आहे, तेव्हा खरे सांगतो, त्याचे दात माझ्यापेक्षा चांगले होते.

"रूपचंद," मामा लांबूनच म्हणाले.

नावावरून तुमसरचा एखादा सराफ वाटावा. प्रत्यक्षात हा दक्षिण अमेरिकेतला पाकू, ॲमेझॉनच्या पाण्यातला, आणि ज्याच्यावर इंग्रजी सिनेमे निघाले त्या पिरान्हाचा चुलतभाऊ. भाऊ रक्ताला चटावलेला, हा मात्र पुराच्या पाण्यात पडलेली फळे आणि टणक बिया फोडून खाणारा. म्हणून ते दाढांसारखे दात. या शतकाच्या सुरुवातीला तो बांगलादेशमार्गे आपल्याकडे आला, शेततळ्यांत वाढला, तळी फुटली तसा बाहेर पडला. बाजारात त्याला ‘गोड्या पाण्यातला पापलेट’ म्हणूनही विकतात. पापलेट ज्याने खाल्ला नाही त्याला तो पापलेट वाटतो, आणि आमच्या भागात समुद्र नाही. भंडाऱ्याहून समुद्र पाहायचा तर रेल्वेत एक रात्र काढावी लागते.

त्या संध्याकाळी रूपचंद घरी आला आणि पवनीच्या मिरचीत शिजला. हिने तुकडे केले, डोके मात्र आधीच बाजूला केले. "हसते ते," म्हणाली. रस्सा उत्तम झाला होता. जेवता जेवता माझ्या मनात आले की ॲमेझॉनचा मासा आणि मिरची ही दोन्ही अमेरिकेकडची पोरे, पवनीच्या मिरचीच्या सातऱ्यावरून आणि साकोलीच्या तलावातून येऊन माझ्या ताटात भेटली. मिरची चारशे-पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीजांच्या जहाजातून आली, म्हणून ती आता घरची. रूपचंद वीस वर्षांपूर्वी ट्रकमधून आला, म्हणून परका. मी हे मोठ्याने बोललो. ही म्हणाली, "भात घ्या."

दुसऱ्या दिवशी हाच विचार मी मामांपुढे मांडला. पाळीवर बसून विचार मांडायला चांगले वाटते, खडू लागत नाही. मामांनी ऐकून घेतले आणि विचारले, "गुरुजी, रोहू कोनाचा?"

मी म्हणालो, आपलाच.

"कतला?"

"आपलाच की."

मामा हसले. "तो बंगाली होय जी."

आणि मग पुढचा तासभर मी विद्यार्थी होतो. रोहू, कतला, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे. आमची वैनगंगा नावात गंगा मिरवत असली तरी तिचे पाणी प्राणहितेतून गोदावरीला मिळते. या तिघांना वाहत्या पाण्याचा पूर लागतो, त्याशिवाय ते अंडी घालत नाहीत. तलावात टाकले तर वाढतात, वजन धरतात, पण संसार करत नाहीत. म्हणून त्यांचे बीज पूर्वी बंगालच्या नद्यांतून गोळा करून भांड्यांत घालून आगगाडीने यायचे. १० जुलै १९५७ रोजी कटकला डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना अंडी घालायला लावले, आणि त्या तारखेला देश आता मत्स्यशेतकरी दिवस पाळतो. मग बीज गावोगाव तयार होऊ लागले. माझा या खात्याच्या शब्दांवर फार जीव आहे. अंड्यातून नुकते निघालेले ते ‘मत्स्यजिरे’. जरा वाढले की ‘मत्स्यबीज’. बोटाएवढे झाले की ‘बोटुकली’. कोणा अनाम कारकुनाने हे शब्द केले असतील, तर मा. मा. वाल्या कारकुनाचे पाप त्याने फेडले.

१९७० च्या दशकापासून तलावात मिश्र मत्स्यशेतीची योजना आली. तिघे देशी आणि तिघे परदेशी. कतला आणि चीनचा चंदेरा वरच्या थरात, रोहू मधल्या थरात, मृगळ आणि सायप्रिनस तळाशी, आणि गवत्या सगळीकडे गवत खात. तीन मजली चाळ, सहा भाडेकरू, कोणी कोणाच्या चुलीत डोकावायचे नाही. कागदावर फार सुंदर. मी स्वतः फळ्यावर ही आकृती काढून पोरांकडून पाठ करून घेतलेली आहे, रंगीत खडू वापरून.

"पन त्या चाळीत आधीपासून कोन राहत होतं, ते नव्हतं फळ्यावर," असे मामा म्हणाले नाहीत. ते असे बोलत नाहीत. ते म्हणाले, "आमच्या बापाले मासा इकत घ्या लागत नव्हता."

याचा अर्थ मला हळूहळू कळला. मरळ, शिंगी, मांगूर, वाम हे तलावाचे जुने रहिवासी. पहिला पाऊस पडला, सांडव्यावरून पाणी निघाले, नाले वाहिले की हे मासे पाण्याच्या उलट दिशेने आपल्या पायांनी, म्हणजे परांनी, चढत यायचे, गवतात, धानाच्या बांधीत अंडी घालायचे आणि तलाव भरून टाकायचे. बीज विकत आणावे लागत नव्हते, जिरे मोजावे लागत नव्हते. मरळीचे तर नर आणि मादी दोघेही पिल्लांची राखण करतात. पाण्यावर तांबूस पिल्लांचा थवा दिसला की खाली आईबाप आहेत हे ओळखायचे, आणि शहाण्याने तिथे बोट घालायचे नाही. हे सगळे फुकट. बंगाली मासा मात्र दरवर्षी विकत. यंदा बीज टाकले नाही तर पुढच्या वर्षी तलाव रिकामा. धंदा शेतीसारखा झाला, म्हणजे उधारीचाही झाला.

त्यानंतर मी मत्स्यशेतीची जुनी पुस्तके काढून बसलो. शिक्षकाची खोड. त्यांत जुन्या रहिवाशांसाठी दोन शब्द सापडले. मोठ्या, दुसऱ्यांना खाणाऱ्या मरळीसारख्यांना ‘हिंस्र मासे’, आणि छोट्या, आपले आपण वाढणाऱ्या बाकीच्यांना ‘तण मासे’. तण! निंदणात उपटून फेकायचे ते. बीज सोडण्याआधी संगोपन तळ्यातून हे काढून टाकावेत, त्यासाठी हेक्टरी अडीच हजार किलो मोहाची ढेप घालावी, असा सल्ला होता. मोह आमचा, तळे आमचे, मासे आमचे. तण ते ठरले. नावे ठेवणे याला म्हणतात. एकदा एखाद्याला तण म्हटले की पुढचे काम ढेपच करते.

मला या सगळ्यात गप्पी माशाची आठवण आली. तोही दूरदेशीचा, दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाकडचा. डासांच्या अळ्या खातो म्हणून सरकारच त्याला बोलावून डबक्यात, विहिरीत, हौदात सोडते. आमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मागे ‘गप्पी मासे पैदास केंद्र’ अशी पाटी असलेला हौद होता. दरवर्षी मी सातवीच्या पोरांना रांगेने तिथे न्यायचो. पोरांचा ठाम समज असा की हे मासे आपसात गप्पा मारतात म्हणून गप्पी. मी त्यांना सांगायचो, त्रिनिदादला गप्पी आडनावाचे एक गृहस्थ होते, त्यांनी १८६६ साली हे मासे लंडनला पाठवले, त्यांच्यावरून नाव पडले. एकदा एक पोरगी म्हणाली, "म्हंजे आडनाव साहेबाचं, आन् काम सरकारचं?" इतके नेमके उत्तर मला कधी फळ्यावर लिहिता आले नाही. त्या हौदाकडे पाहून कोणी परका-घरचा हा प्रश्न काढला नाही. पगारावर आलेल्याला कोण परका म्हणतो?

नावांवरून फसायचे तर थाई मांगूर पाहावा. तो थायलंडचा नाही, आफ्रिकेचा. देशी मांगुराचा दूरचा नातलग, पण भूक वेगळीच. सडके मांस खातो, दुसरे मासे खातो, पाणी आटले तर चिखलात तग धरतो. २००० सालापासून देशात त्याला बंदी, २०१९ मध्ये हरित लवादाने तो नष्ट करायला सांगितले, तरी तो अधूनमधून बाजारातल्या टोपल्यांत देशी मांगुराचे नाव लावून वळवळताना सापडतो. चोराने आडनाव बदलावे, पण गावातल्या सज्जन माणसाचे घेऊ नये. त्यात सज्जनाचीच बदनामी होते.

मामी, म्हणजे मामांच्या मंडळी, तलावात उतरतात तेव्हा एक वेगळा हिशेब दिसतो. त्यांचे काम किनाऱ्याचे, गवतातल्या झिंग्यांचे, छोट्या माशांचे. मी एकदा सहज विचारले, मामी, तुम्हाला किती माशांची नावे येतात? त्या पाण्यात उभ्या राहून बोटांवर मोजू लागल्या. मरळ, शिंगी, वाम, डाडक, बोटरी... दोन्ही हातांची बोटे संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि मग त्या थांबल्या. एक नाव ओठावर येत नव्हते. त्यांनी मामांना हाक मारून विचारले, मामांनाही आठवेना. मासा कसा होता ते दोघांना आठवत होते: इतका इतका, शेपटीला काळा ठिपका, लहानपणी आई बाळंतिणीला द्यायची. नाव तेवढे गेले होते. मासाही किती वर्षांत दिसला नव्हता. आधी कोण गेले, नाव की मासा, हे त्यांना सांगता येईना.

शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावकडे, याच्या उलट काम चालते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेचे मनीष राजनकर आणि पतीराम तुमसरे, शालू कोल्हे यांच्यासारखी ढिवर समाजातली माणसे एकत्र येऊन तलावातली बेशरम उपटतात, उन्हाळ्यात काठचा चिखल नांगरतात आणि पाण्यातल्या जुन्या वनस्पती लावतात. गवत आले की आसरा आला, आसरा आला की मासा येतो. गवत्याला तिथे मज्जाव, कारण तो लावलेले खाऊन टाकील. ही बेशरमसुद्धा अमेरिकेतले झुडूप. तिचे नाव ज्याने ठेवले त्याला दोन्ही अर्थांनी नाव ठेवता येत होते. उपटा, तोडा, फेका, तीन दिवसांत पडल्या जागी पुन्हा फुटते. लाज नाही.

मामांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, बाया लावतात ना, मग होईल. पुरुषांनी लावले असते तर उद्घाटन झाले असते.

आता तिसऱ्या वर्षाच्या माशाकडे येतो, ज्याच्यासाठी मी लिहायला बसलो आणि गप्पी माशासारखा भरकटलो.

जानेवारीत मामांच्या पोराच्या जाळ्यात तो आला. जाळे तीन ठिकाणी फाटले होते. काढला तेव्हा सगळे गोल करून उभे राहिले. काळपट, अंगभर वाघासारखी नक्षी, खवल्यांच्या जागी हाडाचे चिलखती पट्टे, पाठीवर उभे शीड, आणि तोंड चेहऱ्याला नसून पोटाच्या बाजूला, गोल, चोखणीसारखे. जमिनीवर ठेवला तर तसाच बसला. तडफडला नाही. आपण मासा आहोत याची त्याला काही निकड दिसली नाही.

"गुरुजी, हा कोनता होय जी?"

या वेळी मला माहीत होते. हा ॲमेझॉनकडचा सकर मासा, शहरातल्या काचेच्या पेट्यांत ठेवतात तो. पेटीतले शेवाळ चोखून काच लख्ख ठेवतो म्हणून दुकानदार कौतुकाने देतो, तेव्हा तो बोटुकली असतो. मग वाढतो. वाढता वाढता पेटीत वळायलाही जागा उरत नाही. घरातल्या लहान मुलाचा जीव त्याच्यात गुंतलेला. मारवत नाही, ठेववत नाही. मग एखाद्या रविवारी गाडी काढून कोणीतरी भल्या मनाने त्याला तलावात सोडते, वर दोन हात जोडते. काशीला गंगेत, कलकत्त्याच्या पाणथळीत, आंध्रातल्या तलावांत तो असाच पोहोचला. पापाने पसरलेली संकटे निस्तरता येतात, पुण्याने पसरलेल्यांचे काय करायचे?

राज्यात काही ठिकाणी त्याला हेलिकॉप्टर म्हणतात, हे मी सांगितले. मामांनी माशाकडे नीट पाहिले आणि मान हलवली. त्यांना नाव पटले नाही. दुसरे सुचेना. खाल्ला तर काय निघणार, सगळे चिलखत. विकला तर कोण घेणार. जाळे फाटले ते वेगळे. शिवाय या माशाचा नर काठाच्या मातीत आडवी भुयारे खोदून त्यात अंडी राखतो, हे मी सांगितले तेव्हा मामा पहिल्यांदाच माशाकडून पाळीकडे बघू लागले. मामा तलावाची पाळ मातीची असते. त्यांनी काही न बोलता मासा उचलला आणि पाण्यापासून लांब, उन्हात, दगडावर टाकला. मग सगळे जाळे शिवायला बसले.

मी गरी टाकून बसलो, पण लक्ष दगडाकडे. तासाभराने सहज गेल्यासारखा गेलो. कल्ला हलत होता. दोन तासांनी गेलो, हलत होता. पुस्तकात वाचले होते की हा हवा गिळून पोटातून श्वास घेतो आणि पाण्याबाहेर कितीतरी तास काढतो; पण वाचलेले डोळ्यांसमोर जिवंत असले की त्रास होतो. मी विज्ञानाचा शिक्षक. पाण्यात परत सोडणे चूक हे मला ठाऊक. डोक्यात दगड घालावा तर मी उभ्या जन्मात कोंबडीसुद्धा कापली नाही. ही कापते, मी वर्तमानपत्र वाचतो. ऊन उतरले, मामा घरी निघाले, जाताना माझ्याकडे पाहून म्हणाले, "मेला नसन अजून." म्हणजे त्यांचेही लक्ष होते तर.

मी बादलीत पाणी भरले.

घरी ही म्हणाली, "काय आनलं?"

"मासा."

"खायचा?"

"नाही."

"मग?"

मी उत्तर दिले नाही. तिने बादलीत वाकून पाहिले. बराच वेळ. "नाव ठेवू नोका," एवढेच म्हणाली आणि आत गेली.

आमच्या परसात विहिरीजवळ सिमेंटचे टाके आहे. धुण्याचे पाणी त्यात. दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास त्याच्या भिंती हिरव्यागार होतात आणि मला विटेचा तुकडा घेऊन त्यात उतरावे लागते. या वर्षी उतरावे लागले नाही. आठ दिवसांत टाक्याचा मूळचा करडा रंग दिसू लागला, पंधरा दिवसांत मिस्त्रीने कोरलेली तारीखही, जी घर बांधले तेव्हापासून कोणी पाहिली नव्हती. मासा भिंतीला तोंड लावून बसतो, दिवसभर हलत नाही, रात्री काम करतो. माझ्या नोकरीच्या काळात असा एक शिपाई मिळाला असता तर शाळेचे भाग्य उजळले असते.

बातमी पसरली. शेजारी येऊन टाके पाहून गेले. तिसऱ्या घरचे गृहस्थ दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, या वेळी रिकामी बादली घेऊन. "गुरुजी, आमच्यासाठी बी एक पाहा ना. तुम्ही रोज तलावावर जाता." मी त्यांना पाळ, भुयारे, पूर, सांडवा, ॲमेझॉन सगळे समजावून सांगितले. पाऊण तास लागला. त्यांनी आदराने ऐकले. "म्हंजे नाही देत," ते म्हणाले आणि बादली घेऊन गेले. त्यांची बायको आता हिच्याशी बोलत नाही. खाऱ्या डाळीची देवाणघेवाण बंद झाली. परका मासा गावात काय उलथापालथ करतो हे मी वाचले होते, पण ती डाळीपर्यंत जाते हे कोणत्याही पुस्तकात नव्हते.

पावसाळा जवळ येतो आहे. टाके भरून वाहिले तर पाणी नालीत, नालीतून नाल्यात, आणि नाला कुठे जातो हे आमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल. म्हणून परवा मी साकोलीहून जाळी आणली, टाक्याच्या तोंडाला तारेने घट्ट बांधली, वर दोन विटा ठेवल्या. मामा मुद्दाम येऊन पाहून गेले. जाळी हाताने ओढून पाहिली, विटा चार केल्या.

काल पहाटे मला लवकर जाग आली. परसात हिचा आवाज येत होता. इतक्या पहाटे कोण आले म्हणून मी दारापर्यंत गेलो. ही टाक्याजवळ उभी होती, जाळीचा एक कोपरा उचललेला, हातात बादली.

"सरक रे धोंडू," ती म्हणत होती, "पानी घेऊ दे."

मी पाऊल न वाजवता मागे फिरलो, अंथरुणावर जाऊन पडलो आणि आतून चहाची हाक दिली.